जिमी स्मिथ आणि हॅमंड बी-३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिमी स्मिथ कोण होते?

जॅझमध्ये हॅमंड ऑर्गनला सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या बरोबरीचं मानाचं पान मिळवून देणारा वादक. पूर्ण नाव जेम्स ऑस्कर स्मिथ. जन्म ८ डिसेंबरचा, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा. जन्मसाल काही ठिकाणी १९२५, काही ठिकाणी १९२८ छापलेलं आढळतं. ८ फेब्रुवारी २००५ रोजी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेतला 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला होता.

त्यांच्या आधी जॅझमध्ये ऑर्गन नव्हता का?

होता. फॅट्स वॉलर यांनी १९२६-२७ मध्येच चर्चमधल्यासारख्या नळ्यांच्या ऑर्गनवर रेकॉर्ड्स केल्या होत्या. काउंट बेसी अधूनमधून ऑर्गनवर बसत. मिल्ट बकनर, बिल डॉगेट आणि विशेषतः वाइल्ड बिल डेव्हिस यांनी हॅमंड क्लबांमध्ये गाजवला. पण या मंडळींचा ऑर्गन बहुतेक वेळा आख्ख्या बिग बँडसारखा (मोठ्या जॅझ वाद्यवृंदासारखा) वाजे. दोन्ही हातांत भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर), सगळे ड्रॉबार (सूर कमी-जास्त करायच्या ओढायच्या दांड्या) बाहेर, आवाज छताला.

स्मिथ यांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी ड्रॉबार बंद केले. नऊपैकी तीनच ठेवले आणि उजव्या हाताने एकेरी स्वरांची, बीबॉप या जलद जॅझशैलीच्या वेगाची ओळ वाजवायला घेतली. त्यांचे आदर्श पियानोवाले कमी आणि सॅक्सोफोनवाले जास्त होते: कोलमन हॉकिन्स, डॉन बायस, इलिनॉय जॅके. सॅक्सोफोनवाला जिथे श्वास घेईल तिथे स्मिथ हात उचलतात. ही एक गोष्ट पकडली की त्यांचं अर्धं वादन कळतं.

हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनच का?

नाही. नावावरून ही गल्लत मराठी वाचकांत हमखास होते. संगीत नाटकातला ऑर्गन आणि पायपेटी दोन्ही हवेवर चालतात. पायाने भाता मारायचा आणि धातूच्या सुरांच्या पट्ट्यांतून हवा गेली की सूर लागतो. हॅमंडमध्ये हवाही नाही आणि सुरांच्या पट्ट्याही नाहीत. आत एक विजेची मोटर ९१ दातेरी धातूची चाकं फिरवते. प्रत्येक चाकासमोर लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. दाते समोरून गेले की वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच स्पीकरमधून सूर म्हणून ऐकू येते. लॉरेन्स हॅमंड मूळचे घड्याळांच्या मोटरी बनवणारे इंजिनिअर होते, आणि त्यांनी १९३५ मध्ये हे वाद्य बाजारात आणलं ते चर्चसाठी आणि घरांसाठी.

दुसरा फरक पायांचा. पायपेटीवर पाय हवा भरतात. हॅमंडवर डावा पाय २५ पेडलांवर खर्जाचे स्वर वाजवतो आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर असतो.

ते ऑर्गनकडे वळले कसे?

आई-वडील दोघंही पियानो वाजवत. सहाव्या वर्षी ते वडिलांबरोबर क्लबांत नाच-गाण्याचे कार्यक्रम करू लागले आणि नवव्या वर्षी त्यांनी फिलाडेल्फियातल्या एका स्पर्धेत बूगी-वूगी पियानोचं बक्षीस मिळवलं. नौदलात नोकरी केल्यानंतर १९४८ पासून रीतसर शिक्षण घेतलं, त्यात फिलाडेल्फियातल्या ऑर्नस्टाइन संगीतशाळेचा काळ येतो. १९५१ ते १९५४ डॉन गार्डनर यांच्या सोनोटोन्समध्ये वाजवलं. मग वाइल्ड बिल डेव्हिस यांना ऐकलं आणि पियानो सुटला.

पुढचा भाग शिकणाऱ्यांनी नीट वाचावा. त्यांनी हॅमंड विकत घेतला, तो एका गोदामात ठेवला आणि वर्षभर तिथेच रियाज केला. पेडलांकडे खाली बघावं लागू नये म्हणून पेडलांचा मोठा नकाशा समोरच्या भिंतीवर लावला होता. १९५६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या स्मॉल्स पॅरडाइज क्लबमध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायन यांनी त्यांना ऐकलं, आणि फेब्रुवारीत पहिलं ध्वनिमुद्रण झालंसुद्धा.

योगायोग असा की हॅमंडचं बी-३ हे मॉडेल तेव्हा नुकतंच आलं होतं. त्यातली पर्कशनची (प्रत्येक स्वराच्या आरंभी क्षणिक टणत्कार देणारी) सोय जुन्या मॉडेलांत नव्हती. त्या सोयीचा सर्वांत नेमका उपयोग स्मिथ यांनी केला.

त्यांच्या त्रिकुटात बास वाजवणारा दिसत नाही. मग बास येतो कुठून?

डाव्या हातातून. ऑर्गन, गिटार, ड्रम्स एवढंच त्रिकूट. स्मिथ यांचा डावा हात खालच्या मॅन्युअलवर (हॅमंडवर पट्ट्यांच्या एकावर एक दोन ओळी असतात, त्यांना मॅन्युअल म्हणतात) एकेक मात्रेला एकेक स्वर टाकत चालतो. याला वॉकिंग बास म्हणतात. उजवा हात वरच्या मॅन्युअलवर ओळ किंवा कॉर्ड वाजवतो.

पायांबद्दल मोठा गैरसमज आहे. ऐकणाऱ्याला वाटतं सगळा बास पायानेच वाजतोय. जलद लयीत स्मिथ यांचा पाय प्रत्येक स्वर पूर्ण वाजवत नाही. तो पेडलला हलकी टिचकी मारतो, क्षणभरच. त्या टिचकीतून वेगळा सूर ऐकू येत नाही. डाव्या हाताच्या स्वराला डबल बासची तार ओढल्यासारखा 'ठप्प' मिळतो, इतकंच तिचं काम. तबल्याच्या डग्ग्यावर घुमारा न काढता नुसता बंद बोल वाजवावा, तसं. संथ गाण्यांत मात्र पाय पूर्ण लांबीचे स्वर धरतात.

डाव्या हाताचा सराव कुठून सुरू करायचा?

१२ बारांच्या ब्लूजपासून. पट्टी पांढरी चार (एफ) घ्या. प्रत्येक बार ४ मात्रांचा. बारांचे आधारस्वर या क्रमाने: सा, म, सा, सा, म, म, सा, सा, प, म, सा, प. हे एक आवर्तन.

पहिल्या बारात वाजवा: सा, ग, प, तीव्र म. दुसऱ्या बारात: म, ध, तार सा, तारेतला कोमल रे. तिसऱ्यात: तार सा, कोमल नि, ध, प. चौथ्यात पुन्हा पहिल्यासारखं. यात एकच नियम आहे: प्रत्येक बाराची चौथी मात्रा पुढच्या आधारस्वराच्या शेजारी नेऊन ठेवायची, शक्यतो अर्ध्या स्वरावर. पहिल्या बारातला तीव्र म हा शुद्ध म ला ओढून घेतो, दुसऱ्यातला कोमल रे तार सा वर उतरतो. तिसऱ्यातला प अर्ध्या स्वरावर नाही, पण प वरून खालच्या सा वर येणंही तितकंच भक्कम. या ओढीमुळे बास 'चालतो'. ती नसेल तर नुसते कॉर्डचे स्वर मोजल्यासारखे वाटतात.

मेट्रोनोम ८० वर ठेवा. पहिले काही दिवस फक्त डावा हात, रोज १५ मिनिटं, न थांबता. आवर्तन चुकलं तरी थांबू नका, सम पकडून पुढे जा. मग उजव्या हाताने फक्त एक स्वर धरून ठेवा, पूर्ण आवर्तनभर. मग दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटी कॉर्ड. सगळ्यात शेवटी ओळ.

बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. उजवा हात जलद झाला की डावा त्याची लय उचलतो आणि बास पुढे पळतो. याचं कारण उजवा हात जड भरलेला असतो. ओळीतले अर्धे स्वर काढून टाका, डावा आपोआप जागेवर येतो. दुसरं, बासचे स्वर एकमेकांवर चढतात. ऑर्गनचा सूर विरत नाही, बोट उचलेपर्यंत तो तसाच राहतो, म्हणून पियानोवर चालून गेलेला आळस इथे चिखल करतो. पुढचं बोट पडण्याआधी केसभर मागचं उचला. तिसरं म्हणजे पाय. पेडलवर पाय रेंगाळला की सगळा बास घुमू लागतो. पाय आणण्याआधी डावा हात एकट्याने पाच मिनिटं बिनचूक चालला पाहिजे. ही अट सोडू नका. पाय लवकर आणणं ही नव्या वादकांची सर्वांत महाग पडणारी घाई आहे.

स्मिथ यांचा तो ठरावीक सूर कसा लावायचा?

हॅमंडवर दोन्ही मॅन्युअलना ९-९ ड्रॉबारांचे दोन-दोन संच असतात. प्रत्येक ड्रॉबार ० ते ८ पर्यंत ओढता येतो. ओढाल तितका तो सूर मोठा. डावीकडून क्रम असा: १६, ५ १/३, ८, ४, २ २/३, २, १ ३/५, १ १/३ आणि १ फूट (नळ्यांच्या ऑर्गनमधल्या नळ्यांच्या लांबीवरून आलेली ही नुसती नावं).

स्मिथ यांची प्रसिद्ध मांडणी: ८८ ८००० ०००. पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी सहा बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही सा दाबलात की ८ फुटी ड्रॉबार तोच सा देतो, १६ फुटी त्याच्याखालचा खर्जाचा सा, आणि ५ १/३ फुटी पंचम. तंबोऱ्यातले स्वर हेच, फक्त पंचम इथे मधल्या सा च्या वरचा आहे. म्हणून हा सूर गोल आणि भरीव लागतो, पण झगझगीत नसतो.

त्यावर पर्कशन: चालू, 'थर्ड' हार्मोनिक, 'फास्ट' डिके. व्हॉल्यूम 'सॉफ्ट'वर सुरू करा, 'नॉर्मल'वर नेलं की त्या संचाचे ड्रॉबार थोडे दबतात. थर्ड हार्मोनिक म्हणजे प्रत्येक स्वराच्या आरंभी तार सप्तकातल्या पंचमाचा एक क्षणिक टणत्कार. तो लगेच विरतो. मागे उरतो तो गोल सूर. व्हायब्रेटोची (सुराच्या थरथरीची) कळ 'सी-३' वर. (सी-३ नावाचं हॅमंडचं एक मॉडेलही आहे, आतून बी-३ सारखंच, पेटी मात्र चारी बाजूंनी झाकलेली. दोन्हींची गल्लत करू नका.)

खालच्या मॅन्युअलवर बाससाठी ८३ ८००० ००० पासून सुरुवात करा. पेडलचा १६ फुटी ड्रॉबार ५ वर, ८ फुटी २ वर. खोलीत बास घुमत असेल तर आधी पेडल कमी करा, डावा हात नको.

सोलो शिगेला पोचला की स्मिथ एकेक ड्रॉबार बाहेर ओढत जातात, आणि लेस्ली (फिरणारा स्पीकर) जलद करतात. तोपर्यंत ते सगळं राखून ठेवलेलं असतं, म्हणून त्या क्षणी अंगावर काटा येतो. सुरुवातीलाच सगळं उघडलं तर पुढे जायला जागाच उरत नाही.

सगळं बरोबर लावलं, तरी पर्कशनचा 'टण्' येत नाही. का?

वरच्या मॅन्युअलच्या डाव्या टोकाला उलट्या रंगांच्या १२ पट्ट्या असतात. त्यातली सर्वांत उजवी, म्हणजे बी, दाबलेली आहे का ते बघा. पर्कशन फक्त त्याच संचावर चालतं.

ती ठीक असेल तर दोष बोटांचा. पर्कशन पुन्हा वाजायला आधीच्या सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असाव्या लागतात. एकही बोट चिकटून राहिलं तर पुढचा स्वर टणत्काराशिवाय येतो. स्मिथ यांच्या ओळीत कुठल्या स्वराला टण् आहे आणि कुठल्याला नाही हे कान देऊन ऐका. तुटक आणि जोडून वाजवण्याचा तो हिशोब आहे. सॅक्सोफोनवाला जिभेने स्वर सुटे करतो तसं ते बोटांनी करतात.

आणखी एक: पर्कशन चालू असताना त्या संचातला शेवटचा, १ फुटी ड्रॉबार गप्प होतो. तो बिघाड नाही. पर्कशनला इशारा देण्यासाठी त्याचाच संपर्क वापरलेला असतो.

पट्टी दाबताना 'टिक' असा आवाज येतो. तो दोष आहे का?

कंपनीच्या लेखी दोषच होता. प्रत्येक पट्टीखाली ९ संपर्क असतात, म्हणजे एका मॅन्युअलमध्ये ५४९. पट्टी दाबल्यावर ते एकदम जुळत नाहीत, काही क्षणांच्या अंतराने जुळतात आणि त्यातून टिक येते. कंपनीने ती घालवायचे प्रयत्न केले. जॅझवाल्यांना मात्र तीच हवीशी वाटली, कारण जलद ओळीतला प्रत्येक स्वर तिच्यामुळे सुटा ऐकू येतो. आजच्या डिजिटल ऑर्गनांत ती मुद्दाम घातलेली असते.

लेस्ली म्हणजे काय?

फिरणारा स्पीकर. वर फिरणारा भोंगा (दिसतात दोन, आवाज एकातूनच येतो, दुसरा तोल राखण्यासाठी) आणि खाली १५ इंची स्पीकरसमोर फिरणारं पिंप. दोन्ही उलट दिशांना फिरतात. १२२ हे सर्वांत परिचित मॉडेल. हळू वेग मिनिटाला साधारण ४० फेरे, जलद साधारण ४००. वेग बदलताना भोंगा लगेच पकड घेतो आणि जड पिंप मागून येतं. त्या दोघांच्या मधल्या काही सेकंदांत खरी मजा आहे. हॅमंड कंपनीने डॉन लेस्ली यांचा स्पीकर कितीतरी वर्षं आपला मानला नाही, पण वादकांनी तो हॅमंडला कायमचा जोडून टाकला.

लेस्ली सतत जलद ठेवू नका. जलद ओळ त्या थरथरीत विरघळून जाते.

खरा बी-३ चालू कसा करायचा?

दोन बटणं असतात, 'स्टार्ट' आणि 'रन'. स्टार्ट दाबून धरा, साधारण ८ सेकंद. सुरुवातीची मोटर चाकांना वेग देते, तिची घरघर चढत जाऊन स्थिर होते. स्टार्ट न सोडता रन चालू करा, दोन्ही साधारण ४ सेकंद धरा, मग स्टार्ट सोडा. ते आपोआप मागे येतं. आतल्या व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडं थांबा.

घाई केली तर चाकं योग्य वेगाला पोचत नाहीत, रन मोटर पकड घेत नाही आणि सूर खाली घसरतो. बंद करून पुन्हा पहिल्यापासून करा. व्यवस्थित करूनही पकडत नसेल तर बहुधा तेलाचा प्रश्न असतो. चाकांच्या बेअरिंगना तेल पोचतं ते सुती धाग्यांतून झिरपत. वर्षातून एकदा हॅमंडचं स्वतःचं पातळ तेल घालायचं असतं. शिलाई मशीनचं किंवा गंज सोडवणारं फवाऱ्याचं तेल घातलं की धागे चिकट होऊन बसतात, आणि मग सफाईला चाकांचा आख्खा संच बाहेर काढावा लागतो.

अमेरिकेहून आणलेला बी-३ महाराष्ट्रात ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का?

चालेल, पण बेसूर. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण यात मोठे पैसे वाया जातात.

हॅमंडचा सूर मोटरच्या वेगावर ठरतो आणि मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. परिणामी सगळं वाद्य तीन अर्ध्या स्वरांहून थोडं जास्त खाली जातं: पांढरी चार दाबली की पांढरी दोनच्याही किंचित खालचा सूर ऐकू येतो. आणि हॅमंड सुरात लावता येत नाही, त्याला खुंट्या नाहीत. साथीदारांनीच त्याच्याशी जुळवायचं असतं. लेस्लीचे वेगही त्याच प्रमाणात मंदावतात.

उपाय दोन: ५० हर्ट्झसाठीच बनलेलं वाद्य घ्या, किंवा ६० हर्ट्झ देणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवा. विकत घेण्याआधी मागच्या पाटीवर काय छापलंय ते वाचा.

मैदानावरच्या कार्यक्रमात डिझेल जनरेटर असेल तर आणखी सावध राहा. भार वाढून जनरेटर ५० वरून ४९ हर्ट्झवर आला तर ५० हर्ट्झचा ऑर्गनही अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरतो. गिटारवाल्याला वाटतं आपलीच तार चढली.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेचा त्रास होतो. संपर्कांवर मळ धरतो आणि काही पट्ट्यांवर एखादाच ड्रॉबार खरखरतो किंवा गप्प होतो. आधी ती पट्टी एकेका ड्रॉबारवर भराभर २०-३० वेळा दाबा, बऱ्याचदा तेवढ्याने मोकळं होतं. नाहीच झालं तर संपर्कांखालची पट्टी किंचित सरकवून नवी जागा पुढे आणायची सोय आत आहे, पण ते काम जाणकाराकडून करून घ्या.

वजनाचाही विचार करा: बाक आणि पेडलांसह साधारण १९० किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चार धडधाकट माणसं लागतात. त्या काळी बरेच ऑर्गनवाले वाद्य नेण्यासाठी जुनी शववाहिका विकत घेत, स्मिथ यांच्याकडेही होती. लांबीला आणि वजनाला दुसरं काही पुरत नसे.

साध्या कीबोर्डवर हे शिकता येईल का?

येईल. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर मधल्या सा च्या (पांढरी एक) खाली स्प्लिट ठेवा (म्हणजे कीबोर्डचे दोन भाग करा), खाली बास, वर ८८ ८००० ०००. टच सेन्सिटिव्हिटी बंद करा. हॅमंडला जोरात दाबल्याने आवाज वाढत नाही, आवाज पायाने वाढतो, म्हणून एक्स्प्रेशन पेडल हवंच. सस्टेन पेडल काढून ठेवा. पियानोसारख्या जड पट्ट्या टाळा: तळहाताने घसरत जाण्याच्या हरकती त्यावर होत नाहीत आणि बोटं सोलवटतात. हॅमंडच्या पट्ट्या हलक्या आणि पुढून गोलसर उतरत्या असतात, त्या याचसाठी सोयीच्या. हार्मोनियम वाजवणाऱ्याला उजव्या हाताचा मोठा फायदा असतो, कारण विरत नसलेल्या सुरात बोट कधी उचलायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं. डाव्या हाताची भातावरची सवय मात्र मोडावी लागते.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

'बॅक ॲट द चिकन शॅक'पासून. २५ एप्रिल १९६०, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ. गिटारवर केनी बरेल, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरंटाइन, ड्रम्सवर डोनाल्ड बेली. त्याच दिवशी 'मिडनाइट स्पेशल'चीही गाणी झाली. शीर्षकगीत मध्यम लयीतला ब्लूज आहे. पहिल्या वेळी फक्त बास ऐका, दुसऱ्या वेळी फक्त बेली यांची झांज, तिसऱ्या वेळी उजवा हात.

मग 'द सर्मन'. शीर्षकगीत २० मिनिटांचं, फेब्रुवारी १९५८ चं. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. इतर लोक सोलो घेत असताना स्मिथ मागे काय करतात तिकडे लक्ष द्या: कुठे एकच सूर लांबवतात, कुठे दोन कॉर्ड टाकून गप्प बसतात. २० मिनिटं डावा हात एकाच चालीत जातो, ढळत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला या सावकाशीत परकं काही वाटणार नाही.

स्मॉल्स पॅरडाइजमध्ये नोव्हेंबर १९५७ ला झालेलं थेट ध्वनिमुद्रण त्रिकुटाचा रोजचा खाक्या दाखवतं. ब्लू नोटसाठी आठ वर्षांत त्यांनी सुमारे ४० सत्रं केली, तेव्हा सगळं ऐकायचा हट्ट नको.

स्मिथ यांचे व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीचे रेकॉर्ड कमी प्रतीचे आहेत का?

नाही, वेगळे आहेत. १९६२ च्या 'बॅशिन'मध्ये ऑलिव्हर नेल्सन यांच्या बिग बँडबरोबरचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६४ चं 'द कॅट' लालो शिफ्रिन यांच्या मांडणीचं. १९६६ मध्ये गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी यांच्यासोबतचं 'द डायनॅमिक ड्युओ' तर घरात असावंच. शिकणाऱ्याने एक भान ठेवावं: बिग बँडच्या गाण्यांत वेगळा बासवादक आहे, त्यामुळे डाव्या हाताचा अभ्यास तिथे होणार नाही. त्यासाठी १९६५ चं 'ऑर्गन ग्राइंडर स्विंग' घ्या, पुन्हा केनी बरेल, आणि ड्रम्सवर ग्रेडी टेट.

नंतरच्या काळातलं काय ऐकावं?

१९७२ चं 'रूट डाउन', लॉस एंजेलिसच्या बॉम्बे बायसिकल क्लबमधलं. नावातल्या बॉम्बेचा मुंबईशी संबंध नाही. यात बास गिटार आहे, लय फंकची. बीस्टी बॉइजनी १९९४ मध्ये याचाच तुकडा वापरला. मायकेल जॅक्सन यांच्या १९८७ च्या 'बॅड' गाण्यातला ऑर्गन सोलो स्मिथ यांचा आहे. तो अनेकांनी ऐकलेला असतो, पण वादकाचं नाव माहीत नसतं. २००१ मध्ये बी. बी. किंग, एटा जेम्स यांच्यासारख्यांबरोबर 'डॉट कॉम ब्लूज' झालं. शेवटचं 'लेगसी' जोई डीफ्रान्सेस्को यांच्यासोबत, दोन ऑर्गनवादक समोरासमोर.

लॉनी स्मिथ, जॉनी 'हॅमंड' स्मिथ हे त्यांचे नातेवाईक का?

नाही, आडनावसाम्य. फेटा बांधणारे डॉ. लॉनी स्मिथ आणि जॉनी 'हॅमंड' स्मिथ हे स्वतंत्र ऑर्गनवादक. लॉनी लिस्टन स्मिथ तिसरेच, ते पियानो-कीबोर्डवाले. स्मिथ यांच्या वाटेवरून पुढे गेलेल्यांत शर्ली स्कॉट, जिमी मॅग्रिफ, जॅक मॅकडफ ही नावं शोधा. आणि त्या वाटेला पूर्ण वेगळं वळण देणारे लॅरी यंग, त्यांचं १९६५ चं 'युनिटी' ऐका.

एकच सोलो बसवायचा असेल तर कोणता, आणि कसा?

'बॅक ॲट द चिकन शॅक'मधली ऑर्गन सोलोची पहिली दोन आवर्तनं. २४ बार पुरेत. आधी उजव्या हाताची ओळ गुणगुणून पाठ करा, वाद्याला हात न लावता. गुणगुणताना श्वास जिथे घ्यावा लागतो तिथे खूण करा, वाजवताना हात तिथेच उचलायचा आहे. मग त्या ओळीखाली आपला साधा बास लावा, स्मिथ यांचा नाही. लय मूळच्या निम्म्यावर ठेवा. दोन्ही हात जुळले की मूळ ध्वनिमुद्रण लावून डाव्या हाताचा आवाज पूर्ण बंद करा आणि उजव्याने त्यांच्याबरोबर वाजवा. मग उलट: उजवा बंद, डावा चालू, त्यांच्या बासच्या अंगावर आपला बास ठेवून. तुमची चौथी मात्रा त्यांच्या आधी पडत असेल, तर मेट्रोनोम पुन्हा ८० वर न्या.